एक फेरी नदीकाठाची

डिसेंबर आला की मोबाइलवर समुद्र येतो. कुणी हरिहरेश्वरच्या खडकांवरून चालतंय, कुणी गोकर्णच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर, कुणी गोव्यात मिठागरांच्या बांधावरून सायकल नेतंय. खाली लिहिलेलं असतं, 'सोपा ट्रेक, फक्त तीन तास, कुणीही करू शकतं.' आपण बघतो, लाइक देतो आणि अंगठा वर सरकवतो. मनात एक हिशेब मात्र होऊन जातो : सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर, तिथून नागपूर, तिथून पुढं एक रात्र रेल्वेत. म्हणजे तीन तास चालायला दोन दिवसांचा प्रवास. जाऊ दे ना बे!

आता नकाशा उघडा आणि त्याच सिरोंच्यावर बोट ठेवा. सरळ रेषेत मोजलं तर मुंबईचा समुद्र इथून साडेसातशे किलोमीटरच्या आसपास पडतो. आंध्रातल्या काकिनाड्याचा समुद्र मात्र सव्वातीनशेच्या जवळपास आहे. महाराष्ट्रात राहूनही आपला जवळचा समुद्र बंगालचा उपसागर आहे. आणि त्या समुद्राकडं जाणारी वाट आपल्या गावाला लागूनच जाते. तिचं नाव गोदावरी. त्र्यंबकेश्वरहून निघून १,४६५ किलोमीटर चालणारी ही बाई आपल्या शेजारी प्राणहितेला भेटते आणि मग पूर्वेकडं निघून जाते.

या आठवड्याच्या पानावर आमचं सांगणं एवढंच आहे : समुद्राचा ट्रेक जमेल तेव्हा करा, पण त्याआधी एक रविवार काढा आणि आपल्या नदीकाठाची फेरी पायी पूर्ण करा. गावातून निघायचं, प्राणहितेच्या वाळूत उतरायचं, काठानं संगमापर्यंत जायचं, ओलसर गवताळ पट्ट्याच्या कडेनं वळायचं आणि तलाव-बोड्यांच्या बांधावरून घरी यायचं. चढ नाही, दोर नाही, महागडे बूट नाहीत. सकाळी निघालात तर जेवायला घरी.

'एवढंच? ते तर आम्ही रोज पाहतो,' असं तुम्ही म्हणाल. रोज पाहता हे खरं. चालून पाहिलंय का, हा प्रश्न आहे.

वाळू

गावाच्या पश्चिमेला प्राणहिता आहे, पलीकडं तेलंगणाचा मंचेरियाल जिल्हा. त्यामुळं सिरोंच्याचा सूर्य रोज दुसऱ्या राज्यात मावळतो. वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्या चपराळ्याजवळ एकत्र येतात, तिथून पुढं तिचं नाव प्राणहिता. नाव धारण केल्यापासून गोदावरीला मिळेपर्यंत ती जेमतेम एकशे तेरा किलोमीटर चालते. लांबीनं लहान, पण पाण्यानं गोदावरीची सर्वांत मोठी उपनदी. विदर्भाचा मोठा भाग आणि मध्य प्रदेशाचा थोडा, एवढ्या मुलखाचं पाणी ती आणते. नागपुरात पडलेला पाऊस काही दिवसांनी आपल्या दारावरून जातो.

पावसाळा संपला, पाणी उतरलं की वाळू उघडी पडते. दिवाळीनंतर सकाळी उतरा. पायाखालची वाळू थंड असते. ओल्या वाळूवर रात्री कोण कोण येऊन गेलं त्याची हजेरी मांडलेली असते : बगळ्याची तीन बोटं पुढं, एक मागं, कोल्ह्याची सरळ रेघ, गुरांचे खूर. टिटवी तुम्हाला पाहून ओरडेल, कारण उन्हाळ्याच्या तोंडाशी ती याच मोकळ्या वाळूत अंडी घालते. नदी सुरयसुद्धा वाळूवरच अंडी घालतो. घरटं असं काही नसतंच, वाळूत नुसता खळगा असतो. मार्चनंतर गेलात तर पाय जपून टाका आणि मोटरसायकल काठावरच ठेवा. एका टायरखाली एका जोडप्याचं अख्खं वर्ष जातं.

हिवाळ्यात नारिंगी रंगाची, थोराड बदकं जोडीजोडीनं दिसतील. तो चक्रवाक. उन्हाळ्यात तो हिमालयापलीकडं असतो. जुन्या काव्यात ज्या जोडीला रात्रीचा विरह सांगितलाय, ती जोडी तुमच्यापासून शंभर पावलांवर बसलेली असते आणि आपण तिचा फोटो काढायला भरतपूरला जायचं म्हणतो.

याच वाळूवर कुणी टरबुजाच्या आळ्या करतो, कुणी जाळं सुकवतो. डोंगा घेऊन मासे मारायला गेलेले लोक परतत असतील तर थांबा, बोला. तेलुगूत बोला, मराठीत बोला, गोंडीत बोला, सिरोंच्यात तिन्ही चालतात. कोणत्या डोहात पाणी किती आहे, मागच्या वर्षी वाळूचा पट्टा कुठं होता आणि यंदा कुठं सरकला, हे त्यांच्याइतकं कुठलंही ॲप सांगणार नाही.

संगम

काठानं खाली चालत गेलं की नदी अंगानं भरते, पात्र पसरतं आणि समोरून दुसरं पात्र येऊन मिळतं. हा संगम. पैलतीराला कालेश्वरम. तिथल्या मंदिरात एकाच शाळुंकेवर दोन लिंगं आहेत, एक काळाचं आणि एक मुक्तेश्वराचं. लोक याला त्रिवेणी मानतात : गोदावरी, प्राणहिता आणि न दिसणारी सरस्वती. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेचा पुष्कर झाला तेव्हा नगरमच्या घाटावर किती गर्दी होती, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. काहींनी तर तिथं पाण्याच्या बाटल्या आणि नारळ विकलेही असतील.

धर्माचं ज्याचं त्यानं पाहावं. पण संगमावर उभं राहिलं की भूगोलाचं पुस्तक जिवंत होतं, हे मात्र सगळ्यांसाठी आहे. वरच्या गोदावरीवर धरणामागून धरणं आहेत, म्हणून पावसाळा सोडला तर इथं खरं पाणी आणते ती प्राणहिता. म्हणूनच शेजारच्या राज्यानं आपला मोठा प्रकल्प संगमाच्या वर न ठेवता खाली, मेडीगड्ड्याला, बांधला. संगमाच्या खाली बंधारा म्हणजे प्राणहितेचं पाणी हाताशी. ते पंपांनी उचलायचं आणि गोदावरीतूनच उलट दिशेनं वर चढवत न्यायचं. पाण्याला मागं चालवणारा हा प्रकल्प. २१ जून २०१९ रोजी त्याचं उद्घाटन झालं. पंचाऐंशी दरवाजे, लांबी दीड किलोमीटरहून जास्त.

त्याच्या तीन वर्षं आधी, ऑगस्ट २०१६ मध्ये, दोन राज्यांचा करार झाला. त्यात एक आकडा होता : पाण्याची पातळी १०० मीटर. वर्तमानपत्रात तो आकडा वाचताना काही वाटत नाही. पण नदीकाठी ज्यांची शेती आहे त्यांना तो आकडा पायानं कळला. पाणी अडलं की ते मागं पसरतं, नाल्यांत शिरतं, सखल बांध्या ओल्या राहतात. जुलै २०२२ च्या पुरात सिरोंचा तालुक्यातली काठावरची शेतं पाण्याखाली गेली. एप्रिलमध्ये ज्या वाळूत लाखोंनी स्नान केलं, तिथंच तीन महिन्यांनी पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. मोबदल्यासाठी शेतकरी उपोषणाला बसले. मग २१ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी बंधाऱ्याचे काही खांब खचले, साठवलेलं पाणी सोडून द्यावं लागलं आणि बुडालेली वाळू पुन्हा वर आली.

म्हणजे तुमच्या शाळेच्या वर्षांत, सातवी ते बारावी म्हणा, या काठानं तीन रूपं पाहिली : आधीचा काठ, बुडालेला काठ आणि परत आलेला काठ. आता सांगा, यातल्या कुठल्या रूपाचा एक तरी फोटो, एक तरी नोंद तुमच्याकडं आहे? सेल्फी सोडून?

ओलीचा पट्टा

कोकणातल्या फेरीत खाजण लागतं, भरतीच्या पाण्यानं भिजणारी खारट दलदल. आपल्याकडं खारं काही नाही. पण नदी मागं सरली की तिच्या आणि शेताच्या मधे जो गाळाचा, गवताचा, चिखलाचा पट्टा उरतो, तो खाजणाचाच गोड्या पाण्यातला भाऊ. पाहायला तो भिकार वाटतो. पाय रुततो, चिलटं असतात, जागोजागी बेशरमची झुडपं. 'पडीक जागा' म्हणून आपण त्याच्याकडं पाठ करतो.

थोडं थांबून पाहा. उघड्या चोचीचा करकोचा चिखलात चोच खुपसून गोगलगायी काढत असतो. ढोकरी इतकी निश्चल बसते की ती उडाल्यावरच दिसते. या पट्ट्यात पुराचं पाणी मुरतं, गाळ थांबतो, माशांची पिल्लं वाढतात. हा पट्टा राहिला तर पूर शेतात जरा सावकाश शिरतो. भर घालून तो बुजवला तर नदीला तेवढी जागा दुसरीकडून घ्यावी लागते, आणि ती ती घेतेच.

याच गोदावरीवर, वर नाशिक जिल्ह्यात, नांदूर मधमेश्वर आहे. एका जुन्या बंधाऱ्यामागं गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले. २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिला. १९७१ मध्ये इराणच्या रामसर गावात पाणथळ जागा वाचवण्याचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्या यादीत आज आपल्या नदीचा वरचा भाग आहे. बंधाऱ्यानं नुकसानही होतं आणि कधी पक्ष्यांना जागाही मिळते. इथं काय होतंय हे ठरवायला आधी कुणीतरी मोजलं पाहिजे. नाशकात मोजणारे होते. सिरोंच्यात कोण मोजतंय?

खाऱ्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट ऐका. समुद्र इथं नव्हता, पण समुद्राचं मीठ यायचं. पूर्व किनाऱ्यावरून बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे मीठ घेऊन या मुलखात येत. १८६० मध्ये हा प्रदेश निजामाकडून इंग्रजांकडं आला आणि सिरोंचा हे 'अप्पर गोदावरी' नावाच्या जिल्ह्याचं मुख्य ठाणं झालं. होय, आपला तालुका एकेकाळी जिल्ह्याचं गाव होता. त्या वेळी सर आर्थर कॉटन या इंजिनिअरची एक मोठी कल्पना होती : गोदावरीतून बोटी वर आणायच्या, पार वर्धा नदीपर्यंत, आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस समुद्राला न्यायचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते : दुम्मागुडेम, इंद्रावती मिळते त्याच्या खाली इंचमपल्ली आणि प्राणहितेवर देवलमरी. खडक फोडले, कालवे खोदायला घेतले, पैसा ओतला, माणसं तापानं गेली. १८७१ मध्ये काम सोडून दिलं. १८७४ मध्ये तो जिल्हाच मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडला गेला. ग्लासफर्डपेठा हे गावाचं नाव तुम्ही एसटीच्या पाटीवर वाचलं असेल. ग्लासफर्ड हा त्या काळातला इथला इंग्रज डेप्युटी कमिश्नर.

दीडशे वर्षांत दुसऱ्यांदा आपल्या नदीवर कुणीतरी मोठं स्वप्न पाहिलं. दोन्ही वेळा नकाशा दुसरीकडं काढला गेला. काठावरच्या माणसाला काय ते नंतर कळलं.

कुंटा, चेरुवु, बोडी

आता परतीची वाट, शेतांतून. धान कापून झालेलं असतं, कापूस वेचायचा असतो, मिरची लाल होऊ लागलेली असते. या वाटेवर तलाव लागतील. आपल्या भागातल्या तलावांची नावं गावांच्या नावांत बसलेली आहेत, फक्त ती तेलुगूत आहेत म्हणून मराठी शाळेत कुणी उलगडून सांगत नाही. मोठ्या तलावाला 'चेरुवु', लहान तळ्याला 'कुंटा'. मद्दीकुंठा म्हणजे मद्दीच्या झाडाजवळचं तळं. मद्दी म्हणजे आपला ऐन-अर्जुनाचा परिवार. चिंतलपल्ली म्हणजे चिंचांचं गाव. रेगुंठ्यातलं 'रेगु' म्हणजे बोर. तलावाच्या बांधाला तेलुगूत 'कट्ट' म्हणतात. आपण मित्र जमवून बसतो तो 'कट्टा' आणि हा 'कट्ट', दोन्हींवर बसायला सारखीच मजा येते.

घरी आजीला विचारा, आपल्या गावाच्या नावाचा अर्थ काय. निम्म्या गावांत उत्तर पाण्याचं किंवा झाडाचं निघेल. मग विचारा, ते पाणी आता कुठं आहे.

तलावाजवळ आवाज न करता बसलात तर दहा मिनिटांत बरंच काही दिसतं. कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालत जाणारा कमळपक्षी. डुबकी मारून भलतीकडंच वर येणारी टिबुकली. शिट्टीसारखा आवाज करत उडणारी अडई बदकं. शिंगाडे काढणारा एखादा माणूस. पलीकडच्या तेलंगणात काकतीय राजांनी बाराव्या-तेराव्या शतकात असे तलाव साखळीनं बांधले. वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी खालच्यात, खालच्याचं त्याच्या खाली. २०१४ नंतर त्या राज्यानं 'मिशन काकतीय' नावानं हजारो तलावांतला गाळ काढला. आपल्या पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव आहेत, त्यांच्यासाठीही गाळ काढण्याच्या योजना आहेत. योजना कागदावर असते, गाळ मात्र तळ्यात असतो. तुमच्या गावच्या तळ्यात किती आहे हे पाहायला काठावर जावं लागतं.

अठरा कोटी वर्षांचा पूर

फेरीत हे लागत नाही, पण तुमच्या पायाखाली असतं म्हणून सांगितलं पाहिजे. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्मांचं उद्यान आहे, दगड झालेली झाडं तिथं पाहता येतात. प्राणहितेकाठच्या कोटा गावाच्या नावानं खडकांचा एक अख्खा थर जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे : कोटा फॉर्मेशन, ज्युरासिक काळातला. १९६० च्या सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना याच तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ एका प्रचंड डायनोसॉरची हाडं सापडली. सुमारे तीनशे हाडं, किमान सहा प्राण्यांची. १९७५ मध्ये त्याचं नाव ठेवलं 'बारापासॉरस टागोराय'. 'बारा पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय. आणि टागोर यासाठी की उत्खननाच्या काळात रवींद्रनाथांची जन्मशताब्दी होती.

आज तो सांगाडा कोलकात्यात उभा आहे. ज्या तालुक्याच्या मातीतून तो निघाला, तिथल्या किती मुलांनी तो पाहिलाय? हाडांबरोबर मोठमोठे ओंडकेही सापडले. त्यावरून अभ्यासकांनी अंदाज बांधला की हा कळप पुरात सापडला असावा. आपल्या भागातली पहिली पूरग्रस्तांची नोंद सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीची म्हणायला हरकत नाही. ती मात्र दगडानं सांभाळून ठेवली.

चालून काय होणार?

हा प्रश्न येणार, आम्हाला माहीत आहे. आणि तो उगाच येत नाही. तुमच्यातले कितीतरी जण पहाटे अंधारात रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावतात. काही जण फेब्रुवारी-मार्चमध्ये घरच्यांबरोबर मिरची तोडायला तेलंगणात जातात. कुणाचा डोळा हैदराबादच्या कोचिंगवर आहे. नोकरीचा प्रश्न डोक्यावर असताना टिबुकली पाहत बसायचं?

आमचं उत्तर सरळ आहे. फेरीनं नोकरी लागत नाही. पण या काठाबद्दलचे निर्णय होत राहणार आहेत : बंधाऱ्याची दुरुस्ती होऊन पाणी पुन्हा अडवलं तर ते कुठपर्यंत येईल, वाळूचा लिलाव कोणत्या घाटाचा होईल, २०२७ च्या गोदावरी पुष्करासाठी काठावर काय बांधलं जाईल. प्रत्येक वेळी कुणीतरी विचारेल, 'इथं आधी काय होतं?' त्या वेळी ज्याच्याकडं तारीख, जागा आणि फोटो असेल त्याचं ऐकलं जातं. नुसतं 'आमच्या लहानपणी इथं वाळू होती' म्हणणाऱ्याला चहा देऊन परत पाठवतात. अभियंत्याकडं आकडा असतो. आपल्याकडंही हवा.

हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं अभ्यासगट करून आपल्या जंगलाची माहिती स्वतः गोळा केली, चर्चा केली आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. देशातल्या पहिल्या काही गावांत त्याचं नाव आहे. त्या कामाची सुरुवात मोठ्या निधीनं झाली नव्हती. लोक एकत्र बसले, फिरले, लिहीत गेले.

म्हणून आमची सूचना. चार-पाच मित्रमैत्रिणींचा गट करा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या रविवारी, हीच फेरी. शंभर पानी वहीत दर वेळी फक्त पाच गोष्टी लिहा : तारीख, एका ठरलेल्या खडकावर किंवा घाटाच्या पायरीवर पाणी कुठपर्यंत आहे, वाळूचा पट्टा किती पावलं रुंद आहे, कोणते पक्षी, अंदाजे किती, आणि दोन तळ्यांत पाणी किती. त्याच जागेवरून, त्याच दिशेला, दर वेळी एक फोटो. बस. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, त्यात तुमची यादी देता येते. जैवविविधता कायदा २००२ मध्ये आला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही असते. ती वही कुठं आहे, त्यात काय लिहिलंय, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. आणि 'आमची वही ही घ्या' म्हणून ठेवा.

एक वर्ष केलंत तर बारा नोंदी. पाच वर्षं केलीत तर ती अशी वस्तू होईल जी आज कुठल्याच कार्यालयात नाही.

निघण्याआधी

सोपी फेरी म्हणजे बेफिकीर फेरी नव्हे. नदी ओळखीची वाटते म्हणूनच माणसं बुडतात. पाण्यात उतरू नका. वाळू काढलेल्या ठिकाणी खोल खड्डे असतात आणि वरून पाणी सपाट दिसतं. वर कुठं धरणाचे दरवाजे उघडले तर इथं ऊन असतानाही पाणी चढू शकतं. पावसाळ्यात काठापासून लांबच राहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. मार्चनंतर सिरोंच्याचं ऊन कुणाची ओळख ठेवत नाही. सूर्य उगवताना निघा, पाणी आणि टोपी घ्या, घरी आणि वाटेवरच्या गावात सांगून जा. शेतातून जाताना विचारून जा आणि बांध मोडू नका. नेलेला प्लॅस्टिकचा कागद परत आणा.

आणि एक महत्त्वाचं. संगमावर मोटरसायकलनं टोळक्यानं जाणारी मुलं खूप दिसतात. मुली दिसतात त्या महाशिवरात्रीला किंवा पुष्कराला, घरच्यांबरोबर. नदी दोघांची आहे, तर फेरी एकट्या मुलांची कशी? गटात मुली हव्यातच. घरच्यांना काळजी असेल तर त्यांनाही घेऊन चला. आईला बरोबर न्या. शेतापलीकडं स्वतःसाठी म्हणून ती शेवटची कधी चालली, हे वाटेत विचारा. एखाद्या शिक्षिकेनं मनावर घेतलं तर शाळेची सहलही अशी होऊ शकते. बसभाडं शून्य.

कोकणातल्या त्या तीन तासांच्या फेरीला पाट्या आहेत, चहाची टपरी आहे, फोटो काढायची ठरलेली जागा आहे. आपल्या फेरीला अजून नावही नाही. ते तुम्ही ठेवा. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता प्राणहितेच्या काठावर उभं राहा, पहिली ओळ तारखेची लिहा आणि चालू लागा. वहीतलं पहिलं पान आमच्याकडं पाठवा. याच पानावर छापू.